उंबरा ओलांडता यावा म्हणून : वृद्ध व दिव्यांगांच्या घरातील सोयी आणि वेळेचा प्रश्न

घर हे माणसाचे विसाव्याचे ठिकाण मानले जाते. परंतु ज्याचे गुडघे वाकत नाहीत, ज्याला चाकाच्या खुर्चीशिवाय हलता येत नाही किंवा ज्याची दृष्टी अधू झाली आहे, त्याच्या दृष्टीने तेच घर अडथळ्यांची मालिका ठरते. दीड फूट उंच जोते, वीतभर उंचीचा उंबरा, परसाच्या टोकाला असलेले शौचालय, न्हाणीतील ओली फरशी या गोष्टी धडधाकट माणसाच्या ध्यानातही येत नाहीत. वृद्धाचा व दिव्यांगाचा दिवस मात्र त्यांच्याशी झगडण्यातच जातो. या अडथळ्यांपैकी बहुतेक अल्प खर्चात आणि एक-दोन दिवसांच्या कामात दूर होऊ शकतात. असे असूनही ते वर्षानुवर्षे तसेच राहतात. त्याचे कारण पुष्कळदा पैशाच्या टंचाईपेक्षा वेळेच्या नियोजनात सापडते. बीड जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करून, पंचायतींना, अधिकाऱ्यांना व शिक्षकांना आपापल्या अधिकारात काय करता येईल, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जिल्ह्याची विशेष परिस्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती आणि दर पाच माणसांमागे सुमारे चार माणसे ग्रामीण भागात राहत होती. त्याच जनगणनेत राज्यातील दिव्यांग व्यक्तींची संख्या २९ लाखांहून अधिक नोंदविली गेली, तर साठ वर्षांवरील नागरिकांचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या सुमारे १० टक्के आढळले. हे दोन गट पूर्णपणे वेगळे नाहीत. वय वाढते तशी दृष्टी, श्रवण व चालण्याची शक्ती कमी होत जाते आणि आजचा ज्येष्ठ नागरिक उद्या दिव्यांगाच्याच अडचणी अनुभवू लागतो.

बीड, गेवराई, माजलगाव, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी, परळी व अंबाजोगाई अशा अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यातून बालाघाटचे डोंगर गेलेले आहेत. डोंगरपट्ट्यातील वाड्या व तांडे उतारावर वसलेले असल्याने घराचे जोते एका बाजूस जमिनीलगत, तर दुसऱ्या बाजूस कमरेइतके उंच असल्याचे दिसते. जुन्या माळवदाच्या घरांत ढेलज, ओसरी व आतील खोल्या वेगवेगळ्या पातळीवर असतात. नवी सिमेंटची घरे आटोपशीर आहेत, परंतु त्यांचेही जोते पावसाच्या पाण्याच्या भीतीने उंचच घेतले जाते. शौचालय बहुधा घरापासून अंतरावर असते आणि उन्हाळ्यात तेथपर्यंत पाणी नेण्याचे काम वेगळेच होऊन बसते.

या सर्वांहून महत्त्वाची बाब म्हणजे ऊसतोडणीचे स्थलांतर. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील मजूर कुटुंबे मोठ्या संख्येने पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या क्षेत्रात जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर पाडव्याच्या आगेमागे परततात. तोडणीच्या व्यवहारात पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. म्हणजे मुलगा व सून दोघेही एकाच वेळी घराबाहेर पडतात. मागे राहतात ते वृद्ध आई-वडील, कधी त्यांच्या हवाली केलेली नातवंडे आणि कधी ज्याला तोडीवर नेणे शक्य नाही असा दिव्यांग सदस्य. वर्षातील जवळपास सहा महिने हाताला धरून उठविणारे, पाण्याची बादली आणून देणारे व रात्री बाहेर नेणारे माणूस घरात नसते. कठड्याची, दिव्याची व उताराची गरज सर्वांत अधिक भासते ती याच काळात. हे काम दसऱ्यापूर्वी झाले तर त्याचा उपयोग लगेच होतो. दसऱ्यानंतर लांबले तर त्या वृद्धेचा एक संपूर्ण हंगाम धोक्यात जातो.

धोका हा शब्द येथे अतिशयोक्तीने वापरलेला नाही. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात आणि न्हाणीत किंवा शौचालयाच्या वाटेवर एकदा पडल्याने खुब्याचे हाड मोडू शकते. त्यानंतरची शस्त्रक्रिया, अंथरूण व परावलंबन यांची किंमत कोणत्याही कठड्याच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक असते. शिवाय पडण्याच्या भीतीने पुष्कळ वृद्ध पाणी कमी पितात, अन्न कमी घेतात व बाहेर बसणे सोडून देतात. हे नुकसान कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

कायद्याने व योजनांनी दिलेला आधार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य करण्यात आले. दिव्यांग व्यक्तीस समाजात, इतरांबरोबर राहण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. त्याच्या ३७ व्या कलमानुसार घरांच्या वाटपात, तसेच दारिद्र्यनिर्मूलनाच्या व विकासाच्या योजनांत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी ५ टक्के राखीव प्रमाण ठरविण्यात आले असून दिव्यांग महिलांना अग्रक्रम देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने सर्वांत जवळचे साधन म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी. जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत या तिन्ही संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नाचा हा हिस्सा दिव्यांगांच्या कल्याणावर खर्च करावयाचा आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते.

ज्येष्ठ नागरिकांसाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू केली. वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेल्या व कौटुंबिक वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत असलेल्या व्यक्तीस सहाय्यक साधनांसाठी एकवेळ ३,००० रुपये थेट बँक खात्यात देण्याची तीत तरतूद करण्यात आली. चष्मा, श्रवणयंत्र, तीन पायांची काठी, घडीचा वॉकर, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा आदी वस्तूंचा तीत समावेश आहे. केंद्र शासनाची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये सुरू झाली. दिव्यांगांना साधने पुरविण्याची केंद्राची योजना तर १९८१ पासूनची आहे.

घरकुलांच्या बाबतीत प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरचे घर अपेक्षित असून मैदानी भागासाठी १ लाख २० हजार रुपयांचे केंद्रीय निकषाचे साहाय्य ठरविण्यात आले. स्वच्छ भारत अभियानात वैयक्तिक शौचालयासाठी १२,००० रुपयांचे प्रोत्साहन ठेवण्यात आले होते व दिव्यांग सदस्याचे कुटुंब दारिद्र्यरेषेच्या वर असले तरी त्यास पात्र धरण्यात आले होते.

या यादीत एक उणीव स्पष्ट दिसते. एका योजनेतून घर मिळते, दुसरीतून साधन मिळते. परंतु ते साधन त्या घरात चालते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणत्याही एका योजनेवर नाही. चाकाची खुर्ची मिळाली आणि दाराची चौकट तिच्याहून अरुंद निघाली, तर ती खुर्ची ओसरीवर उभी राहते व कालांतराने तिच्यावर धान्याची पोती चढतात. साधन व घर यांच्यातील ही दरी भरून काढणे हे काम गावपातळीवरच होऊ शकते. कारण घर प्रत्यक्ष पाहणारी संस्था गावातच आहे.

विलंब कोठे होतो?

विलंबाची कारणे सामान्यतः चार ठिकाणी आढळतात.

पहिले ठिकाण म्हणजे अर्जाची वाट पाहणे. ज्याला घराबाहेर पडता येत नाही त्याने ग्रामपंचायतीत येऊन अर्ज करावा, ही अपेक्षाच विसंगत आहे. अनेक वृद्धांना अशा कामासाठी मागणी करता येते याचीही कल्पना नसते. म्हातारपण म्हणजे हे असेच चालायचे, अशी त्यांची समजूत असते. वास्तविक अशा व्यक्तींच्या याद्या शासनाकडे आधीच आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या व श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेच्या लाभार्थ्यांची यादी तहसील कार्यालयात असते. आशा स्वयंसेविकेला घरोघरची माहिती असते. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या बालकांची माहिती शाळेत व गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडे असते. या तीन याद्या एकत्र मांडल्यास बहुतेक गरजू घरे अर्जाविना समजतात.

दुसरे ठिकाण म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. त्यासाठी सामान्यतः बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय अशा ठिकाणी जावे लागते. अधिनियमाखालील नियमांत २०२४ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार प्रमाणपत्र देण्यासाठी तीन महिन्यांपर्यंतची मुदत आहे. प्रमाणपत्र अनावश्यक आहे असे नव्हे, कारण निधीचा गैरवापर टाळण्यासाठी त्याची आवश्यकता आहेच. परंतु प्रमाणपत्राचा अर्ज आणि घराची पाहणी ही कामे एकापाठोपाठ एक करण्याऐवजी एकाच आठवड्यात सुरू करता येतात. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत पाहणी, मोजमाप व अंदाजपत्रक तयार असले, तर मंजुरीनंतर थेट काम सुरू होते.

तिसरे ठिकाण म्हणजे प्रत्येक लहान कामासाठी स्वतंत्र अंदाजपत्रक व स्वतंत्र चर्चा. एका कठड्यासाठी जितके कागद लागतात तितकेच एखाद्या सभागृहासाठी लागत असतील, तर कठड्याचे काम मागे पडणार हे उघड आहे.

चौथे ठिकाण म्हणजे मार्च महिना. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. तोपर्यंत खर्च न झालेला निधी घाईने संपविण्याकडे कल होतो आणि मग सर्व नोंदणीकृत दिव्यांगांना रक्कम समान वाटून देणे हा सोपा मार्ग वाटतो. उदाहरणार्थ, एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न ४ लाख रुपये असेल, तर ५ टक्के म्हणजे २० हजार रुपये होतात. वीस व्यक्तींत समान वाटल्यास प्रत्येकी १ हजार रुपये येतात. एवढ्या रकमेत कोणाच्याही घरातील अडथळा दूर होत नाही. गरजेचा अग्रक्रम ठरवून त्याच रकमेत दरवर्षी काही घरांतील कामे पूर्ण केली, तर चार-पाच वर्षांत गावातील बहुतेक तातडीच्या गरजा भागू शकतात. येथे आणखी एक विसंगती आहे. मार्चमध्ये कोयते घेऊन गेलेली माणसे अजून परतलेली नसतात. घर कोठे फोडावे, दार कोठे काढावे, हे ठरविणारा कर्ता माणूस गावात नसताना निधी मात्र संपवावयाचा असतो.

अन्य देशांचा अनुभव

इंग्लंडमध्ये दिव्यांगांच्या घरातील बदलांसाठी वेगळे अनुदान असून १९९६ च्या कायद्यानुसार स्थानिक संस्थेने पूर्ण अर्ज मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत निर्णय देणे बंधनकारक आहे. परंतु ही मुदत अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते. त्यापूर्वी तज्ज्ञाकडून घराची पाहणी होण्यासाठी जो काळ जातो तो तिच्या हिशेबात धरला जात नाही. म्हणून कालमर्यादा ठरविताना ती पहिल्या नोंदीपासून मोजली पाहिजे, हा एक धडा त्यातून मिळतो. त्याच देशात १,००० पौंडांपर्यंतचे किरकोळ बदल उत्पन्नाची चौकशी न करता विनामूल्य करून देण्याची पद्धत आहे. लहान काम व मोठे काम यांचे मार्ग वेगळे ठेवावेत, हा दुसरा धडा.

जपानने २००० मध्ये वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेसाठी विमा योजना सुरू केली. तिच्यात घरातील बदलांसाठी २ लाख येनपर्यंतच्या खर्चाची मर्यादा आणि कामांची एक छोटी यादी निश्चित आहे. कठडा बसविणे, पायरी किंवा पातळीतील फरक काढणे, जमीन न घसरणारी करणे, सरकते दार बसविणे, बैठे शौचालय बदलून खुर्चीसारखे करणे आणि यासाठी लागणारी पूरक कामे एवढीच ती यादी. काम कोणते हे आधीच ठरलेले असल्यामुळे या घरात त्यांपैकी कोणते हवे व का, एवढाच प्रश्न उरतो.

आपली परिस्थिती व साधने वेगळी आहेत. तथापि कामांची ठरलेली यादी, लहान कामांसाठी वेगळा मार्ग आणि पहिल्या नोंदीपासून मोजलेली मुदत ही तत्त्वे स्वीकारण्यास मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

घराची पाहणी कशी करावी?

पाहणीसाठी तज्ज्ञ उपलब्ध असल्यास उत्तमच. तो नसेल तेव्हा ग्रामपंचायत अधिकारी, आशा स्वयंसेविका व गावातील अनुभवी गवंडी यांनी एकत्र जाऊन, त्या व्यक्तीला तिच्या नेहमीच्या वाटेने चालावयास लावून पाहणी करावी. अंथरुणापासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून शौचालयापर्यंत आणि ओसरीपासून गल्लीपर्यंत अशा तीन वाटा पाहिल्या की बहुतेक अडथळे दिसून येतात. मोजमापाचे काही मान्य प्रमाण पुढीलप्रमाणे आहे.

उतार : चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण १ : १२ असावे. म्हणजे एक फूट उंचीच्या जोत्यासाठी बारा फूट आणि दीड फुटासाठी अठरा फूट लांबीचा उतार लागतो. गल्लीत एवढी जागा नसल्यास उतार भिंतीलगत वळवून घ्यावा व वळणावर सपाट जागा ठेवावी. कमी जागेत उभा उतार बांधणे हे नसल्यापेक्षाही घातक ठरते, कारण खुर्ची त्यावरून मागे कोसळते. उताराच्या कडेला थोडी उंच किनार व धरण्यासाठी कठडा असावा आणि सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण होऊ नये.

दार : खुर्ची सहज जाण्यासाठी ९० सेंटिमीटर रुंदीचा मोकळा मार्ग लागतो. उंबरा काढणे किंवा त्याला दोन्ही बाजूंनी उतरती कड देणे आवश्यक असते. उंबऱ्याविषयी घरच्यांच्या धार्मिक भावना असतात. त्या दुखावू नयेत. पट्टीच्या स्वरूपात उंबरा जमिनीसरसा ठेवूनही त्याची पूजा होऊ शकते, हे घरातील वडीलधाऱ्यांना पटवून देता येते.

न्हाणी व शौचालय : शहाबादी फरशी पाण्याने निसरडी होते. तिला टाकी लावून खडबडीत करता येते. शौचालयाचे दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत पडलेल्या माणसाच्या अंगामुळे आत उघडणारे दार अडते. कडी बाहेरूनही काढता यावी. बैठकीची उंची ४५ ते ४८ सेंटिमीटर असल्यास गुडघ्यांवर ताण येत नाही. बैठे भांडे बदलणे शक्य नसेल, तर त्यावर मध्यभागी छिद्र असलेली भक्कम खुर्ची ठेवता येते. धरण्याचा नळ सुमारे ४ सेंटिमीटर जाडीचा व भिंतीपासून ५ सेंटिमीटर अंतरावर असावा आणि तो पूर्ण माणसाचे वजन पेलेल इतका पक्का बसवावा. पाण्याची टाकी किंवा रांजण बसल्या जागी हात पोचेल इतक्या उंचीवर असावा.

वाट व प्रकाश : घरापासून शौचालयापर्यंतची वाट सपाट असावी व तेथे दिवा असावा. अंध व्यक्तीसाठी त्या वाटेवर कमरेच्या उंचीचा दोर किंवा नळ बांधल्यास ती स्वतंत्रपणे जाऊ शकते. अधू दृष्टीच्या वृद्धांसाठी प्रत्येक पायरीच्या कडेवर पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाचा पट्टा ओढावा.

अंथरूण : जमिनीवरून उठणे ज्यांना कठीण जाते त्यांच्यासाठी बाजेची उंची पायांखाली ठोकळे देऊन गुडघ्याइतकी करावी. यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

या कामांपैकी कोणते हवे, याचा शेवटचा शब्द त्या व्यक्तीचाच असावा. घरातील कर्त्या मुलाला सिमेंटचा ओटा महत्त्वाचा वाटतो, तर आईला शौचालयाच्या वाटेवरचा दिवा. दोघांनाही विचारावे. अग्रक्रम मात्र तिच्या म्हणण्याला द्यावा.

नव्या घरकुलांत आधीच काळजी

घर बांधून झाल्यावर बदल करण्यापेक्षा बांधतानाच सोय करणे स्वस्त व जलद असते. दाराची चौकट बसण्यापूर्वी ती रुंद घेण्यास फारसा अधिक खर्च येत नाही. तीच चौकट नंतर काढावयाची म्हणजे भिंत फोडावी लागते. घरकुल योजनांत बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्ते दिले जातात व प्रत्येक टप्प्यावर पाहणी होते. जोत्याच्या पाहणीच्या वेळी कुटुंबात वृद्ध किंवा दिव्यांग सदस्य आहे काय, असल्यास उताराला जागा सोडली आहे काय, दार पुरेसे रुंद आहे काय आणि शौचालय घराला लागून घेता येईल काय, हे चार प्रश्न विचारण्याचा प्रघात अभियंत्यांनी पाडल्यास नंतरचे अनेक अर्ज करण्याची वेळच येणार नाही.

ग्रामपंचायतीसाठी वर्षाचे वेळापत्रक

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने अधिसूचित सेवांसाठी ठराविक मुदत, जबाबदार अधिकारी व अपिलाची सोय हे तत्त्व प्रस्थापित केले. घरातील सोयींसाठीही ग्रामपंचायतीला ठरावाद्वारे असाच दंडक स्वतःला घालून घेता येतो. बीडच्या ऊसतोडणीच्या हंगामाशी तो जुळवून घेतल्यास वर्षाचे वेळापत्रक पुढीलप्रमाणे होऊ शकते.

जानेवारी : २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तिन्ही याद्या वाचून नावांची नोंदवही निश्चित करावी. सहा-सात प्रमाणित कामांची यादी व त्यांचे दर पंचायत समितीच्या अभियंत्याकडून एकदाच तपासून घ्यावेत आणि पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात ५ टक्के निधी कामनिहाय दाखवावा.

फेब्रुवारी व मार्च : घरांची पाहणी व मोजमाप करावे. कर्ता माणूस तोडीवर असल्यास दूरध्वनीवरून त्याची संमती विचारून घ्यावी व परतल्यावर सही घ्यावी. प्रमाणपत्र नसलेल्यांचे अर्ज याच वेळी दाखल करावेत.

एप्रिल ते जून : मजूर गावी परतलेले असतात, पाऊस सुरू झालेला नसतो आणि नव्या वर्षाचा निधी हाती येऊ लागतो. बांधकामाची कामे या काळात पूर्ण करावीत. घरची माणसे मदतीला असल्याने मजुरीतही बचत होते.

जुलै ते सप्टेंबर : राहिलेली कामे, कठडे, दिवे व रंगाचे पट्टे पूर्ण करावेत. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत झालेल्या व न झालेल्या कामांचा हिशेब मांडावा.

दसऱ्यापूर्वी : पथकाने प्रत्येक नोंदलेल्या घरास भेट देऊन सोय वापरली जाते काय, हे पाहावे. ज्या घरातील सर्व कर्ती माणसे जाणार आहेत तेथे शेजाऱ्याचे नाव नोंदवून ठेवावे.

नोंदवहीत प्रत्येक नावापुढे पहिल्या नोंदीची, पाहणीची, मंजुरीची व पूर्णत्वाची अशा चार तारखा लिहाव्यात. विलंब नेमका कोणत्या टप्प्यावर झाला, हे या चार तारखांवरून ग्रामसभेस सहज समजेल. त्यासाठी वेगळ्या अहवालाची गरज पडणार नाही.

येथे एक मर्यादाही लक्षात ठेवावयास हवी. ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी आहे. केवळ वृद्धापकाळामुळे अडचणीत आलेल्या, प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तीसाठी तो वापरता येणार नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून कमोड खुर्ची किंवा वॉकर घेता येतो, पण भिंतीवरचा कठडा तिच्या यादीत नाही. अशा व्यक्तींसाठी ग्रामपंचायतीने विकास आराखड्यात छोटी तरतूद सुचवावी किंवा लोकवर्गणी व श्रमदान यांचा आधार घ्यावा. ज्येष्ठांपैकी ज्यांचे दिव्यांगत्व प्रत्यक्षात ४० टक्क्यांपर्यंत पोचले आहे, परंतु ज्यांनी कधी तपासणीच करून घेतलेली नाही, अशांची संख्याही थोडी नसते. त्यांना तपासणीस नेण्यासाठी गावाने महिन्यातून एकदा वाहनाची सोय केल्यास हक्काचा मार्ग खुला होतो.

शिक्षकांचे साहाय्य

शिक्षकाला गावातील प्रत्येक घराची ओळख असते. आजी-आजोबांकडे राहिलेली ऊसतोड कामगारांची मुले हंगामात शाळेत येतात, तेव्हा घरी कोण पडले, कोण आजारी आहे, हे शिक्षकाला प्रथम समजते. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना भूमितीच्या तासाला उताराचे प्रमाण शिकवून आपल्याच घराच्या जोत्याची उंची व लागणाऱ्या उताराची लांबी काढावयास सांगितली, तर गणित आणि समाजकार्य दोन्ही साधतात. त्यातून गावाला मोजमापाची एक प्राथमिक नोंदही मिळते. शाळेच्या उतरत्या वाटा व शौचालये बांधलेल्या गवंड्याकडून घरांची कामे करून घेणेही सोयीचे ठरते, कारण त्या कामाचा अनुभव त्याला झालेला असतो.

समारोप

विकासाची मोठी कामे दूरवरून दिसतात. पाण्याची टाकी, रस्ता, सभागृह यांचे उद्घाटन होते. शौचालयाच्या भिंतीवर बसविलेल्या हातभर नळाचे उद्घाटन कोणी करीत नाही. परंतु त्या नळाला धरून एखादी सत्तर वर्षांची आजी कोणाच्याही मदतीवाचून उठू शकली, तर पंचायतीने तिला दिलेली ती सोय कोणत्याही इमारतीहून कमी मोलाची नाही. कायद्याने हक्क दिला आहे व नियमांनी निधीचा मार्ग दाखविला आहे. आता प्रश्न तारखांचा आहे. यंदाच्या हंगामात कारखान्यांची धुराडी पेटण्यापूर्वी आणि गाड्या गावाबाहेर पडण्यापूर्वी, आपल्या गावातील किमान पाच घरांच्या उंबऱ्यांची उंची मोजून त्यांची कामे पुरी करावयाची, एवढा निश्चय प्रत्येक ग्रामपंचायतीने केला, तरी या जिल्ह्यातील हजारो वृद्ध व दिव्यांग बांधवांचा येता हिवाळा सुखाचा जाईल.